डिझेल एसयूव्ही वेग घेताना अडखळत असेल तर
अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर डिझेल एसयूव्ही क्षणभर थबकत असेल, तर सुटे भाग बदलण्याआधी ती नेमकी केव्हा अडखळते हे पाहावे. टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) असलेल्या इंजिनात साधारण १,५०० आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) खाली ओढ कमीच असते. त्यामुळे घाटात वरच्या गिअरमध्ये जाणवणारा मंदपणा हा बहुधा बिघाड नसतो आणि गिअर उतरवला की तो जातो.

तो गेला नाही, तर चेक इंजिनचा दिवा पेटलेला नसला तरी ओबीडी स्कॅनरने (गाडीच्या संगणकाला जोडायच्या उपकरणाने) त्यात साठलेले बिघाडाचे कोड वाचावेत. मग इंजिन थंड असताना एअर फिल्टर पाहावा, डिझेल फिल्टरमध्ये साचलेले पाणी काढावे आणि टर्बोपासून इंटरकूलरकडे (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाकडे) व तेथून इंजिनाकडे जाणारे पाइप तपासावेत. सांध्याशी तेलाचा ताजा ओघळ, वेग घेताना फुसफुस आणि मागे काळा धूर ही लक्षणे एकत्र आढळल्यास दाबाखालची हवा तेथूनच निसटत असण्याची दाट शक्यता असते. सैल क्लिप आवळावी. चिरलेला पाइप मात्र बदलावाच, कारण त्यावर चिकटपट्टी टिकत नाही. काजळीने अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) आणि डिझेल फवारणारे इंजेक्टर यांची तपासणी जाणत्या मेकॅनिककडेच सोपवावी.