होमब्रू बॅरियर स्पेल: या चुका टाळा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं घेऊन खेळायच्या खेळात घरी लिहिलेल्या बॅरियर स्पेलमध्ये, म्हणजे अडथळा उभा करणाऱ्या मंत्रात, तो काय काय अडवतो याची भलीमोठी यादी असते, पण तो मोडायचा कसा याबद्दल अवाक्षर नसतं. मग पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांचा गट, भिंतीआड निवांत बसते, राक्षस बाहेर घिरट्या घालतो आणि डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, करण्यासारखं काही उरत नाही.

या खेळाच्या 2014 च्या नियमांतल्या वॉल ऑफ फोर्सला कसलंच डॅमेज होत नाही, जादू मोडणारा डिस्पेल मॅजिकही लागू पडत नाही. तरीही तो खेळात खपतो. पाचव्या लेव्हलचा स्लॉट (स्पेल टाकण्याची मोजकी संधी) जातो, कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे स्पेलवरचं लक्ष, धरून ठेवावं लागतं, मुदत फार तर 10 मिनिटं, आणि डिसइंटिग्रेट हा स्पेल पडला की भिंत तत्क्षणी नाहीशी. टायनी हट हा आसऱ्याच्या घुमटाचा स्पेल तिसऱ्या लेव्हलचा असूनही भक्कम आहे, पण टाकायला 1 मिनिट लागतं. म्हणजे 10 राउंड. ऐन लढाईत कोण थांबणार तेवढं?

"कॉन्सन्ट्रेशन ठेवलंय की" एवढ्यावर समाधान मानणं ही सगळ्यात फसवी चूक. स्पेल टाकणारा स्वतःच बंद घुमटात बसला तर त्याला मार लागणार कुठून? मार नाही, तर सेव्हची, म्हणजे लक्ष टिकतं का हे फासा टाकून बघण्याची, वेळच येत नाही. यावर मला आवडणारा उपाय असा: घुमटावर बसलेल्या प्रत्येक घावासाठी आतल्या जादूगाराने कॉन्सन्ट्रेशन सेव्ह करायचा, नेहमीच्याच हिशेबाने, म्हणजे डीसी (फाशाने गाठायचा आकडा) 10 किंवा डॅमेजच्या निम्मा, जो जास्त असेल तो. बाहेरच्यांना घाव घालण्यात अर्थ उरतो आणि आतला प्रत्येक टर्नला श्वास रोखून बसतो. हे नको असेल तर भिंतीला सरळ हिट पॉइंट, म्हणजे ती किती डॅमेज सोसेल तो आकडा, द्या. वॉल ऑफ स्टोन या दगडी भिंतीच्या स्पेलमधल्या पॅनेलला एसी (घाव लागायला गाठायचा आकडा) 15 आणि जाडीच्या दर इंचामागे 30 हिट पॉइंट असतात. तोच आकडा धरून सुरुवात करा.

"आत काहीही येत नाही" असं मोघम लिहू नका. आवाज जातो का, पलीकडचं दिसतं का, टेलिपोर्ट (क्षणात दुसरीकडे पोहोचणं) चालतो का, हे तिन्ही लिहाच. भिंत पारदर्शक ठेवलीत आणि टेलिपोर्टबद्दल काही लिहिलं नाहीत, तर मिस्टी स्टेप हा टेलिपोर्टचा स्पेल असलेला समोर दिसणारी 30 फुटांच्या आतली जागा गाठून मोकळा होईल. आतून बाण बाहेर जातात आणि बाहेरचे आत येत नाहीत, असली एकतर्फी सोय तर अजिबात नको. तिला स्लॉटची कुठलीही किंमत पुरत नाही.

बॅरियर जादूगाराबरोबर सरकणार असेल, तर त्याने शत्रूला ढकलत कड्यावर नेण्याची युक्ती कुणाला ना कुणाला सुचणारच. अँटिलाइफ शेल या स्पेलमध्ये यावर तोडगा आहे: तुमच्या चालण्यामुळे समोरच्याला बॅरियरमधून जाणं भाग पडलं, तर स्पेल तिथेच संपतो. हा नियम जसाच्या तसा उचला.

स्पेल आधीच वापरात असेल तर भर लढाईत नियम फिरवू नका. सेशन संपल्यावर त्या खेळाडूशी बोला, एकच गोष्ट बदला आणि बदल पसंत नसेल तर त्याला दुसरा स्पेल निवडू द्या.