मन्याबरोबर ब्रूअरीत

पुण्यात 2009 साली डूलाली ही जागेवरच बिअर बनवणारी छोटी ब्रूअरी आली (नाव आपल्या देवळालीवरूनच), तेव्हापासून ताज्या बिअरचा नाद. आता मी आणि मन्या गल्लीतल्या छोट्या ब्रूअरीत जातो. शनिवारी नाही, गुरुवारी साडेपाचला. तेव्हा बनवणारा मोकळा असतो, टाक्यांजवळ उभा राहून बोलतो. ड्राय डे आधी बघून ठेवा.

थेट पिचर (मोठा जग) मागवू नका. छोट्या ग्लासांचा सॅम्पलर एकच घ्या, दोघांत. फिकटापासून गडदाकडे जा: आधी गव्हाची, शेवटी स्टाउट, म्हणजे भाजक्या धान्याची काळी बिअर. उलटं केलंत तर भाजक्या कडूपणापुढे गव्हाची बिअर पाणचट लागते. बव्हेरियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला केळं-लवंगेचा वास येतो तो यीस्टमुळे. मन्या अजून म्हणतो, आत केळं कुस्करतात! सोबत मसाला शेंगदाणे. येताना-जाताना रिक्षा.