पट्टीवर नावाऐवजी प्रश्नचिन्हं : पीएचपीला मायएसक्यूएल जोडताना या चुका टाळा

लातूरच्या मोंढ्यातल्या एका आडत दुकानासाठी मी हिशेबपट्टीचा प्रोग्राम पीएचपी या भाषेत केला होता; माहिती मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये साठत होती. दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनची आवक जोरात, आणि छापलेल्या पट्टीवर शेतकऱ्याच्या नावाजागी नुसती प्रश्नचिन्हं. ज्या कागदावर माणूस सबंध हंगामाचे पैसे मोजून घेतो, त्यावर त्याचं नाव उमटलंच पाहिजे. म्हणून ही चूक आधी.

पीएचपीतून मायएसक्यूएलचं कनेक्शन उघडताना मी कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं कोणत्या आकड्यांत साठवायची ती पद्धत, सांगितलाच नव्हता. आपण सांगितलं नाही, तर सर्व्हरचा ठरलेला सेट लागू होतो. मायएसक्यूएल ५.७ पर्यंत तो लॅटिन१ होता, ज्यात मराठी अक्षरं बसत नाहीत; ८.० पासून यूटीएफ८एमबी४ झाला, ज्यात बसतात. माझ्या घरच्या मशीनवर सगळं व्यवस्थित आणि दुकानात गोंधळ, त्याचं कारण हेच. टेबल, कॉलम आणि कनेक्शन, तिन्हीकडे यूटीएफ८एमबी४ ठेवा. पीडीओ (पीएचपीची डेटाबेसशी जोडणारी एक सोय) वापरत असाल तर डीएसएनमध्येच, म्हणजे डेटाबेसचा पत्ता लिहितो त्या ओळीतच, कॅरसेट लिहा. मायएसक्यूएलआय ही दुसरी सोय असेल तर कनेक्ट झाल्याबरोबर सेट_कॅरसेट बोलवा.

जुना डेटा दुरुस्त करायला लगेच बसू नका. आधी बॅकअप घ्या, मग त्या कॉलमवर हेक्स फंक्शन चालवून बघा; आत खरोखर काय साठलंय ते त्यात कळतं. ई०ए४, ई०ए५ असे तुकडे दिसले तर मराठी अक्षरं शाबूत आहेत, बिघाड फक्त वाचतानाचा आहे. सी३ए०सी२ए४ असं दिसलं तर अक्षरं दोनदा एन्कोड झालीत; ती परत मिळवता येतात. पण ३एफ ३एफ ३एफ अशी रांग असेल (३एफ म्हणजे प्रश्नचिन्ह) तर साठवतानाच नाव गेलं. ते वहीतून पाहून पुन्हा टाईप करण्याशिवाय इलाज नाही.

याच्याच शेजारची एक चूक. मजकुराच्या कॉलमला लांबीची मर्यादा देताना लिहिलेलं व्हारकार २० म्हणजे डोळ्यांना दिसणारी २० अक्षरं नव्हेत. ‘ज्ञानोबा’ आपल्याला तीन अक्षरांचा वाटतो, पण काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात आणि तो आठ भरतो. त्यात वडिलांचं नाव, आडनाव आणि गाव जोडलं की २० कुठे पुरणार? नावाला किमान १०० ठेवा.

कनेक्शनच होत नसेल तर एरर नंबर वाचा. १०४५ म्हणजे सर्व्हर चालू आहे, युजर किंवा पासवर्ड जुळत नाही. २००२ म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचताच आलं नाही. आपल्याकडे लाईट जाऊन आली की मशीन सुरू होतं, पण झॅम्पमधलं (पीएचपी आणि डेटाबेस एकत्र बसवणारं पॅकेज) मायएसक्यूएल सर्व्हिस म्हणून, म्हणजे मशीनबरोबर आपोआप सुरू होईल असं, बसवलेलं नसेल तर बंदच राहतं. ते आधी तपासा. लिनक्सवर ‘लोकलहोस्ट’ लिहिलं की पीएचपी सॉकेट फाईल (त्याच मशीनवरच्या प्रोग्रामशी जोडणारी फाईल) शोधतं आणि १२७.०.०.१ लिहिलं की नेटवर्कच्या वाटेने, पोर्ट ३३०६ वरून जातं. एकाने जमलं नाही तर दुसरं करून बघा.

जुन्या पुस्तकातलं मायएसक्यूएल_कनेक्ट कॉपी करू नका. पीएचपी ७ मधून ते काढून टाकलंय. फॉर्ममध्ये भरलेली माहिती क्वेरीत थेट चिकटवू नका, प्रिपेअर्ड स्टेटमेंट (क्वेरी आणि माहिती वेगवेगळी देण्याची पद्धत) वापरा. आणि रूट (सगळे अधिकार असलेला) युजर, रिकामा पासवर्ड ही जोडी शिकतानाच ठीक. दुकानासाठी वेगळा युजर करा आणि त्याला त्या एकाच डेटाबेसचे अधिकार द्या.

पीएचपीत पान संपलं की साधं कनेक्शन आपोआप बंद होतं. नोड किंवा जावात तसं होत नाही. तिथे पूल, म्हणजे उघडी कनेक्शनं पुन्हापुन्हा वापरायची सोय, वापरा आणि घेतलेलं कनेक्शन एरर आली तरी परत करा, नाहीतर मायएसक्यूएलची १५१ कनेक्शनांची ठरलेली मर्यादा भरते आणि ऐन गर्दीत १०४० हा ‘कनेक्शनं फार झाली’ सांगणारा एरर दिसायला लागतो.