दोष हाताचा की गाडीचा? जुन्या मोटारसायकलवर शिकताना या चुका टाळा

मी मोटारसायकल शिकलो ती परभणीत, दोन मालकांच्या हातांखालून गेलेल्या शंभर सीसीच्या गाडीवर. पहिले तीन आठवडे ती निघताना हमखास झटका देऊन बंद पडत असे आणि "क्लच हळू सोड" हा एकच उपदेश मला घरातल्या प्रत्येकाकडून ऐकावा लागे. मी क्लच शक्य तितका हळूच सोडत होतो. शेवटी एका मिस्त्रींनी लिव्हरपाशी केबल सोडवून दाखवली, तेव्हा तिच्यातल्या काही तारा तुटून आवरणाच्या तोंडाशी गुंतलेल्या दिसल्या. केबल बदलली आणि त्याच संध्याकाळी गाडी माझ्या हातून सुरळीत निघाली.

तोवर मला एक वाईट सवय मात्र लागून गेली होती. गाडी बंद पडू नये म्हणून मी अ‍ॅक्सिलरेटर जास्त पिळून क्लच अर्धवट दाबून ठेवू लागलो होतो आणि ती सवय मोडायला पुढे दोन महिने लागले. जुन्या गाडीवर शिकणाऱ्याची मुख्य अडचण हीच असते. गाडीचा दोष कोणता आणि आपली चूक कोणती हे त्याला ओळखता येत नाही, आणि दोषाशी जुळवून घेताना हातापायांना जे वळण लागते, तेच पुढे त्याचे चालवणे होऊन बसते. त्यामुळे देखभाल आणि चालवणे हे दोन वेगळे विषय आहेत असे मी मानत नाही आणि खालच्या चुकाही तशा वेगळ्या केलेल्या नाहीत.

घेतानाच्या चुका

गाडी पाहायला जाल तेव्हा इंजिन थंड असेल अशी वेळ ठरवून जा आणि पोहोचल्यावर प्रथम इंजिनाजवळ हात नेऊन पाहा. आधीच तापवून ठेवलेल्या इंजिनातले बरेच दोष झाकले जातात. गाडी सुरू केल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर सतत येत राहिला तर इंजिन ऑइल जाळत आहे असे समजावे. अशी गाडी स्वस्त मिळाली तरी शिकाऊ माणसाने घेऊ नये. चासीवर कोरलेला नंबर आणि इंजिनावरचा नंबर आरसी पुस्तिकेतल्या नंबरांशी स्वतः ताडून पाहावा.

कागदपत्रांची चूक मात्र इंजिनाच्या दोषापेक्षाही महाग पडते. ओळखीतला व्यवहार आहे, गावातलीच गाडी आहे, म्हणून वर्षानुवर्षे नाव न बदलता गाड्या फिरत राहतात. मोटार वाहन कायद्यानुसार विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत हस्तांतरणाची नोंद करायची असते. त्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात, आणि गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवण्यासाठी फॉर्म ३५. विमाही त्याच सुमारास आपल्या नावावर करून घ्यावा. अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव आहे त्याच्यावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ सालच्या एका निकालात स्पष्ट केले आहे. त्यामुळे गाडी विकणाऱ्यालाही ही घाई तितकीच असायला हवी. दुचाकीची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांसाठी असते. तुम्ही पाहत असलेली गाडी त्या मुदतीच्या काठावर आली असेल, तर पुनर्नोंदणीचा खर्च किमतीत धरूनच बोलणी करावी.

क्लच, अ‍ॅक्सिलरेटर आणि चेन

गाडी घरी आली की तिचा पहिला खर्च सीटकव्हरवर किंवा स्टिकरवर करू नका. प्रथम इंजिन ऑइल बदला, कारण आत कोणते ऑइल आहे आणि ते किती जुने आहे, याबद्दल विकणाऱ्याच्या शब्दापलीकडे तुमच्याकडे काहीही नसते. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींमध्ये क्लचप्लेटा त्याच ऑइलमध्ये भिजलेल्या असतात. म्हणून डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' (ऑइलमध्ये भिजणाऱ्या क्लचसाठीचे जपानी मानक) असा उल्लेख असलेले, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचेच ऑइल घालावे. घरी चारचाकीचे ऑइल उरले आहे म्हणून तेच ओतले, तर क्लच घसरू शकतो आणि इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही, असा अनुभव येतो. पातळी पाहताना गाडी डबल स्टँडवर सरळ उभी असावी आणि इंजिन बंद करून काही मिनिटे गेलेली असावीत. वरच्या खुणेपेक्षा जास्त ऑइल भरणे हाही दोषच आहे.

क्लचच्या लिव्हरला टोकाशी साधारण दहा ते वीस मिलिमीटर मोकळी चाल असावी लागते, जिला गॅरेजमध्ये 'प्ले' म्हणतात. प्ले फार जास्त असेल तर लिव्हर पूर्ण दाबूनही क्लच पुरता सुटत नाही, पहिला गिअर टाकताच गाडी पुढे उडी मारते आणि न्यूट्रल सापडत नाही. नवशिका हे सगळे आपल्या पायाचे अज्ञान समजतो. प्ले अजिबात नसेल तर उलट होते. प्लेटा सतत घासत राहतात आणि चढावर गाडी दम सोडते. ही तपासणी एका मिनिटाची आहे आणि ती रोज केली तरी हरकत नाही.

अ‍ॅक्सिलरेटरची एक परीक्षा फार थोडे लोक करतात. इंजिन न्यूट्रलमध्ये मंद चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे आणि मग पूर्ण उजवीकडे फिरवावे. फिरवताना इंजिनाचा आवाज चढला, तर केबल ताणली जात आहे किंवा चुकीच्या मार्गाने नेलेली आहे. अशी गाडी अरुंद गल्लीत वळवताना स्वतःहून पुढे झेपावते आणि शिकणारा घाबरून पडतो. हँडल मधोमध आल्यावर खाच लागल्यासारखे अडत असेल, तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) खराब झालेला आहे आणि रस्त्यावर सरळ रेषेत चालताना होणारी डुगडुग तुमच्या तोल न सावरण्यामुळे नाही.

चेनचा ढिलेपणा बहुतेक शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांमध्ये खालच्या बाजूला मधोमध मोजल्यास वीस ते तीस मिलिमीटर असावा. चाक हळूहळू फिरवून चेन जिथे सर्वांत घट्ट लागते तिथे हे माप घ्यावे, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी झिजलेली नसते. ढिली चेन गिअर बदलताना झटके देते आणि तो झटका पुन्हा चालवणाऱ्याच्या नावावर जमा होतो. आवाज येऊ नये म्हणून चेन फार आवळणारेही अनेक आहेत; त्यामुळे चाकाचे आणि गिअरबॉक्सचे बेअरिंग लवकर जाते. आवळताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा, नाहीतर चाक तिरके बसते आणि गाडी एका अंगाला ओढते. चेन आवळताना मागचे चाक मागे सरकते, त्यामुळे ड्रमब्रेकचा दांडा ताणला जातो आणि ब्रेक घासू लागतो. तेव्हा चेननंतर मागच्या ब्रेकचा प्लेही पुन्हा जुळवावाच लागतो. इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये चाक फिरत असताना चेन फडक्याने पुसण्याचा मोह कृपा करून कोणी करू नका. त्यात बोटे जातात.

पुढचा ब्रेक

"पुढचा ब्रेक दाबायचा नाही, गाडी उलटते" हा सल्ला मी परभणीपासून अंबाजोगाईपर्यंत सगळीकडे ऐकला आहे, आणि तो देणाऱ्यांच्या मनात काळजीच असते. तरीही तो चुकीचा आहे. ब्रेक लागताच गाडीचे वजन पुढच्या चाकावर येते, मागचे चाक हलके होते, आणि त्यामुळे कोरड्या डांबरी रस्त्यावर थांबवण्याचे मोठे काम पुढचाच ब्रेक करतो. फक्त पायब्रेकवर विसंबणाऱ्याचे मागचे चाक अडकून घसरते आणि थांबण्याचे अंतर पुष्कळ वाढते.

या सल्ल्याचे मूळ मला जुन्या गाड्यांमध्येच दिसते. पुढच्या ड्रमचे ब्रेकशू झिजलेले, केबल गंजलेली, लिव्हर हँडलला टेकेपर्यंत दाबूनही उपयोग नाही. अशा गाडीवर शिकलेला माणूस पुढचा ब्रेक विसरतो, आणि पुढे डिस्कब्रेकची गाडी हातात आली की अडचणीच्या क्षणी तोच लिव्हर पूर्ण ताकदीने आवळतो. म्हणून पुढचा ब्रेक आधी दुरुस्त करा आणि मगच शिकायला सुरुवात करा. ड्रमच्या बाहेर ब्रेकच्या आर्मवर बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो ड्रमच्या झाकणावरच्या खुणेशी पोहोचला की शू बदलायची वेळ झालेली असते. त्यानंतर मोकळ्या मैदानात ताशी वीस-पंचवीस किलोमीटर वेगाने, दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा हळूहळू वाढत्या दाबाने लावण्याचा सराव करावा. मुरूम, खडी किंवा रस्त्यावर वाळत घातलेले सोयाबीन यांवर पुढचा ब्रेक अगदी हलका ठेवावा, आणि शक्य असेल तर वेग त्याआधीच कमी केलेला असावा.

आपल्याकडची धूळ, चिखल आणि ऊन

उन्हाळ्यात टायर फुटेल या भीतीने हवा कमी ठेवण्याची पद्धत मराठवाड्यात रूढ आहे. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त वाकल्यामुळे जास्त तापतो आणि त्याला धोका उलट वाढतो. गाडीवरच्या स्टिकरवर दिलेली हवाच भरावी, ती सकाळी टायर थंड असताना पाहावी आणि मागे कोणी बसणार असेल तर मागच्या चाकात सांगितल्याप्रमाणे वाढवावी. टायरच्या कडेवरचे चार आकडेही वाचा: ३५१९ असे असेल तर तो २०१९ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला आहे. नक्षी शाबूत असूनही रबर चिरलेले असेल, तर टायर बदलावा.

धुळीच्या रस्त्यांवर एअर फिल्टर पुस्तिकेत सांगितलेल्या अंतराच्या आधीच भरतो. स्पंजचा फिल्टर रॉकेलमध्ये धुऊन, वाळवून, त्याला थोडे ऑइल लावून पिळून बसवतात. तेलकट कागदाचा फिल्टर मात्र धुता किंवा हवेने झाडता येत नाही, तो बदलावाच लागतो. पिकअप वाढतो म्हणून फिल्टर काढून गाडी चालवणे म्हणजे धूळ थेट पिस्टनपर्यंत नेणे आहे.

पावसाळ्यात पांदणीच्या रस्त्यावर काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये इतकी घट्ट बसते की चाक फिरत नाही. त्या वेळी पहिल्या गिअरमध्ये इंजिन ओरडवत राहिल्यास क्लचप्लेटा जळतात. उतरा, काडीने माती काढा, आणि पुन्हा निघा. याला दुसरा उपाय नाही. धुताना जोराची धार चाकाच्या बेअरिंगवर आणि फिल्टरच्या पेटीवर मारू नये, आणि धुतल्यावर पहिले काही मीटर ब्रेक हलके दाबत हळू चालवून ते वाळवावेत. ज्या बॅटरीत पाणी घालावे लागते तिच्यात बोअरचे किंवा जारचे पाणी न घालता डिस्टिल्ड वॉटरच घालावे, कारण आपल्या पाण्यातले क्षार तिचे आयुष्य कमी करतात.

ऊसतोडीच्या हंगामात रात्री दिवे किंवा परावर्तक नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. आपल्या दिव्याच्या उजेडात जेवढे दिसते तेवढ्या अंतरात थांबता येईल, त्यापेक्षा जास्त वेग नवशिक्याने रात्री ठेवू नये.

गाडी सुरूच झाली नाही तर

येथे सर्वांत मोठी चूक म्हणजे सेल्फ दाबून धरणे किंवा दमेपर्यंत किक मारत राहणे. सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नये आणि मध्ये थोडी विश्रांती द्यावी. आधी साध्या गोष्टी क्रमाने पाहाव्यात: टाकीत पेट्रोल, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक चालू की बंद, हँडलवरचे इंजिनाचे बंद बटण, काही गाड्यांत साइड स्टँड वर केलेला आहे की नाही, आणि प्लगची टोपी नीट बसलेली. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचा वास तीव्र येत असेल, तर जास्त पेट्रोल आत गेलेले असते. चोक बंद करून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा धरून किक मारावी.

तरीही सुरू झाली नाही तर इंजिन थंड असताना प्लग काढून पाहावा. तांबूस तपकिरी रंग ठीक असतो. कोरडी काजळी असेल तर हवेपेक्षा पेट्रोल जास्त जात आहे आणि पहिला संशय भरलेल्या एअर फिल्टरवर घ्यावा. तेलाने ओला असेल तर मिस्त्रींकडे जाण्याची वेळ आहे. साफ केलेला प्लग परत बसवताना पहिले आटे नेहमी बोटांनीच फिरवावेत आणि तो सहज आत जात आहे याची खात्री झाल्यावरच पान्हा लावावा, कारण हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते आणि वाकडा शिरलेला प्लग त्याचे आटे कापून टाकतो.