सर्व्हर-साइड कन्व्हर्जन ट्रॅकिंग लावताय? गावाकडच्या ऑनलाइन दुकानदारांनो, या चुका टाळा

"भाऊ, ऑर्डरी तं येऊन राहिल्या, पण फेसबुकवर अर्ध्याच दिसून राहिल्या." वायगावची हळद असो की भिवापूरची मिरची, ऑनलाइन दुकान चालवणाऱ्याची तक्रार बहुतेक याच शब्दांत येते. मग कोणीतरी सुचवतं, सर्व्हरवरून ट्रॅकिंग लाव, म्हणजे ऑर्डरीची खबर ग्राहकाच्या ब्राउझरऐवजी दुकानाच्या सर्व्हरवरूनच जाहिरात कंपनीला जाईल. प्लगइन बसतं, टोकन (फेसबुककडून मिळालेली गुप्त किल्ली) टाकलं जातं, आणि पुढच्या आठवड्यात ऑर्डरी अर्ध्याऐवजी दुप्पट दिसायला लागतात. दोन्ही आकडे खोटेच. पण दुसरा जास्त घातक, कारण तो पाहून माणूस जाहिरातीचं बजेट वाढवतो.

ब्राउझरमधल्या पिक्सेलवर, म्हणजे ग्राहकाने काय केलं ते फेसबुकला कळवणाऱ्या कोडच्या तुकड्यावर, पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, हे खरं आहे. ग्राहकाचं नेटवर्क मध्येच जातं, ॲड ब्लॉकर असतो, २०२१ पासून आयफोनने ट्रॅकिंगवर बंधनं आणली आहेत. ऑर्डर पक्की झाली की नाही, हे फक्त तुमच्या दुकानाच्या ऑर्डर नोंदीलाच माहीत असतं. त्यामुळे खरेदीचा इव्हेंट (म्हणजे खरेदी झाल्याचा निरोप) त्या नोंदीतूनच निघायला हवा आणि मोजलाही एकदाच जायला हवा. खालच्या जवळपास सगळ्या चुका हे विसरल्यामुळे होतात.

एकच ऑर्डर दोनदा मोजली जाणे

पिक्सेल आणि कन्व्हर्जन्स एपीआय (सर्व्हरवरून इव्हेंट पाठवायचा मार्ग) दोन्ही चालू ठेवायला हरकत नाही, मेटा, म्हणजे फेसबुकची कंपनीही तेच सुचवते. मात्र दोघांकडून आलेला इव्हेंट एकच आहे हे मेटाला कळायला दोन गोष्टी तंतोतंत जुळाव्या लागतात: इव्हेंटचं नाव आणि इव्हेंट आयडी. ब्राउझरने "१०४३" पाठवलं आणि सर्व्हरने "ऑर्डर-१०४३", तर झाल्या दोन खरेद्या. आयडीसाठी सरळ ऑर्डर नंबर वापरा, दोन्हीकडे त्याच रूपात.

कॅशिंग प्लगइन (तयार पान साठवून सगळ्यांना तेच दाखवणारं) लावलेल्या दुकानात हीच चूक उलटी होते. पानाचा इव्हेंट आयडी सर्व्हर तयार करतो, ते पान कॅशमध्ये साठतं आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला तोच आयडी मिळतो, म्हणजे अनेकांची मोजणी एकच होते. प्रॉडक्ट पानाचे आकडे अचानक कोसळले तर आधी इथे बघा. असे आयडी ब्राउझरमध्येच तयार होऊ द्या.

जुळणीची मुदत ४८ तासांची आहे, हेही लक्षात असू द्या. ऑर्डर नंबर बघायला ग्राहक चार दिवसांनी "धन्यवाद" पान पुन्हा उघडतो. त्या पानावर इव्हेंट बांधलेला असेल तर तो परत सुटतो आणि नवी खरेदी म्हणून मोजला जातो. म्हणून इव्हेंट गेला की ऑर्डरच्या नोंदीत तशी खूण करा आणि खूण दिसली तर पुन्हा पाठवू नका. आणि एक साधी तपासणी: मेटाचं प्लगइन, टॅग मॅनेजर (ट्रॅकिंगचे कोड एका जागेवरून लावायचं गूगलचं साधन) आणि थीममध्ये कोणी चिकटवलेला जुना पिक्सेल, असं तिन्ही एकाच वेळी चालू नाही ना?

यूपीआयचे पैसे आले, ग्राहक परत आला नाही

आपल्याकडे ऑर्डरी गळण्याचं हे फार मोठं कारण आहे. ग्राहक पैसे भरायला फोनपे किंवा गूगल पे उघडतो, हिरवी खूण बघतो आणि तिथूनच फोन खिशात टाकतो. "धन्यवाद" पान उघडतच नाही. पैसे जमा झाले, पिक्सेलला पत्ता नाही.

यावर उपाय म्हणजे पेमेंट गेटवेचा वेबहुक. पैसे जमा झाले की गेटवेचा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला परस्पर कळवतो. वेबहुकची सही (निरोप गेटवेचाच आहे याची खूण) तपासा, नाहीतर तुमच्या वेबहुकचा पत्ता माहीत असलेला कोणीही खोटी खरेदी नोंदवू शकतो. एकाच पेमेंटचा निरोप दोनदाही येऊ शकतो, तेव्हा वर सांगितलेली खूण इथेही कामी येते.

वेबहुक लावल्यावर दोन चुका हमखास होतात. पहिली आयपी पत्त्याची. वेबहुक गेटवेच्या सर्व्हरवरून येतो, त्यामुळे त्या क्षणी दिसणारा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा यंत्राचा पत्ता) आणि ब्राउझरची ओळख गेटवेची असते. तीच पुढे पाठवली तर पुण्याची ताई, नागपूरचे काका आणि अकोल्याचा विद्यार्थी एकाच यंत्रावरून हळद घेताना दिसतात. ग्राहक चेकआउट करतो तेव्हाच त्याचा आयपी, ब्राउझरची ओळख आणि मेटाच्या दोन कुक्या (ब्राउझरमध्ये साठवलेल्या छोट्या नोंदी), एफबीपी आणि एफबीसी, ऑर्डरसोबत साठवा आणि वेबहुक आल्यावर तिथून उचला. या चारही गोष्टी हॅश न करता, म्हणजे सांकेतिक अक्षरांत न बदलता, जशाच्या तशा पाठवायच्या असतात. एफबीसीमधली अक्षरं लहान-मोठी असतात, तीही बदलू नका. दुकान क्लाउडफ्लेअरच्या (वेबसाइटला वेग आणि संरक्षण देणाऱ्या मधल्या सेवेच्या) मागे असेल तर ग्राहकाचा खरा आयपी विनंतीसोबत येणाऱ्या क्लाउडफ्लेअरच्या वेगळ्या हेडरमध्ये मिळतो, एवढं बघून घ्या.

दुसरी चूक रकमेची. रेझरपे हे गेटवे रक्कम रुपयांत नाही, पैशांत देतं. ₹५०० ची ऑर्डर तिथे ५०००० असते. शंभराने भागायचं राहिलं की डॅशबोर्डवर अर्ध्या किलो हळदीचे पन्नास हजार दिसतात आणि जाहिरातीचा परतावा बघून घरात पेढे वाटले जातात. रकमेत रुपयाचं चिन्ह आणि स्वल्पविरामही नकोत, नुसता आकडा हवा. चलनाचा कोड वेगळा जातो.

मोबाइल नंबर

ग्राहकाची ओळख जुळवायला मेटा आणि गूगल दोघंही मोबाइल नंबर आणि ईमेल एसएचए-२५६ या पद्धतीने हॅश करून मागतात. गावाकडच्या ग्राहकाकडे ईमेल बहुधा नसतो किंवा तो देत नाही, त्यामुळे सगळा भार नंबरवर येतो. हॅशचा स्वभाव असा की एक अंक, एक मोकळी जागा इकडची तिकडे झाली तरी पूर्ण उत्तर बदलतं. म्हणून नंबर आधी एका साच्यात आणावा लागतो. लोक नंबर कसेही लिहितात: आधी शून्य लावून, मध्ये जागा सोडून, कधी ९१ सकट, कधी एकाच रकान्यात तिरकी रेघ मारून दोन नंबर.

मेटाला ९१ आणि पुढे दहा अंक हवेत, अधिकचं चिन्ह नको. गूगलला अधिकच्या चिन्हासकट हवा. एकदा काढलेला हॅश दोघांनाही पाठवणारी दुकानं आहेत. तिथे एका बाजूची जुळणी कायम शून्य राहते, आणि एरर कुठेच दिसत नाही.

याहून लपलेली चूक मराठी कीबोर्डची आहे. ग्राहकाने नंबर देवनागरी अंकांत टाइप केला आणि तुमच्या कोडमध्ये "अंक सोडून सगळं काढ" अशी ओळ आहे. त्या ओळीला फक्त इंग्रजी अंक कळतात. ती देवनागरी अंकही साफ करते, मागे उरतं काहीच नाही, आणि त्या रिकामेपणाचा हॅश इमानदारीने पाठवला जातो. तयार चेकआउटमध्ये नंबर तपासला जातो, पण कॅश ऑन डिलिव्हरीसाठी कोणाकडून बनवून घेतलेल्या एकपानी फॉर्ममध्ये तशी तपासणी अनेकदा नसते. ओळखायची खूण सोपी आहे: लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरने काय पाठवलं त्याच्या नोंदीत, e3b0c442 ने सुरू होणारा हॅश शोधा. तो रिकाम्या मजकुराचा हॅश आहे. पुन्हा पुन्हा दिसला तर तेवढे ग्राहक मेटासाठी एकच माणूस ठरले. देवनागरी अंक आधी इंग्रजी करून घ्या, मग सफाई करा, आणि उरलेले अंक दहापेक्षा कमी असतील तर तो रकाना पाठवूच नका. पत्त्याचंही तसंच. शहराच्या रकान्यात "मु. पो., ता. समुद्रपूर, जि. वर्धा" असं सगळं येतं. त्यापेक्षा पिनकोड जास्त भरवशाचा.

व्हॉट्सॲपवर आलेल्या ऑर्डरी दुकानातली मुलगी स्वतः वेबसाइटवर भरते, रिकाम्या ईमेलच्या जागी दुकानाचाच ईमेल टाकते. अशा ऑर्डरी "वेबसाइट" म्हणून जाऊ देऊ नका. मेटाकडे चॅट आणि फोन कॉल असे वेगळे स्रोत आहेत, ते निवडा आणि दुकानाचा ईमेल गाळा.

कॅश ऑन डिलिव्हरी

ऑर्डर पडली की लगेच खरेदी पाठवली, तर पार्सल परत करणारेही तुमचे चांगले ग्राहक ठरतात आणि जाहिरात तशीच माणसं शोधत राहते. पार्सल पोचेपर्यंत थांबून जुन्या तारखेने पाठवावं, तर मेटा वेबसाइटचा इव्हेंट सात दिवसांपर्यंतचाच घेतं. एकगठ्ठा पाठवलेल्यांत एक जरी त्याहून जुना असला तरी अख्खी विनंती नाकारली जाते. माझं मत स्पष्ट आहे: फोनवर ऑर्डर पक्की करून घ्या, ती पक्की झाली की खरेदी पाठवा, वेळ मूळ ऑर्डरची ठेवा. पार्सल पोचलं की "डिलिव्हर्ड" असा वेगळा, स्वतः नाव दिलेला कस्टम इव्हेंट पोचल्याच्या वेळेने पाठवा. महिनाभराने या दोन आकड्यांमधलं अंतर बघा, कोणती जाहिरात परतीचा माल आणते ते कळेल. वूकॉमर्स (वर्डप्रेसवरचं दुकानाचं प्लगइन) वापरणाऱ्यांनी एवढं जपावं की "पेमेंट कम्प्लीट" हा हुक (ठरावीक घटना घडली की आपला कोड चालवणारी जोडणी) कॅश ऑन डिलिव्हरीला चालत नाही. तिथे ऑर्डरची स्थिती बदलण्याचा हुक लागतो.

वेळेचे घोळ

वर्डप्रेसच्या स्थानिक वेळेच्या फंक्शनमधून वेळ घेतली तर तिच्यात साडेपाच तास, म्हणजे १९,८०० सेकंद, जास्तीचे येतात आणि इव्हेंट भविष्यातला ठरतो. जागतिक वेळच (यूटीसी) पाठवा. मेटाला ती सेकंदांत लागते, आकडा दहा अंकी. जावास्क्रिप्ट मिलिसेकंद देतं, तेरा अंकी. गूगल ॲनालिटिक्सला मायक्रोसेकंद, सोळा अंकी. लॉगमध्ये नुसते अंक मोजले तरी चूक सापडते.

सगळं हिरवं, तरी आकडे नाहीत

गूगल ॲनालिटिक्सचा मेझरमेंट प्रोटोकॉल, म्हणजे सर्व्हरवरून इव्हेंट घ्यायची त्यांची सोय, चुकीचा इव्हेंट आला तरी यशाचंच उत्तर देतो. त्याच्यावर विसंबू नका, त्यांच्या तपासणीच्या वेगळ्या डीबग पत्त्यावर इव्हेंट पाठवून बघा. मेटाचा टेस्ट कोड (चाचणीसाठी इव्हेंटला जोडायचा कोड) लावून पाठवलेल्या खरेद्या फेकल्या जात नाहीत, त्याही हिशेबात धरल्या जातात. तेव्हा चाचणी थोडक्यात उरका आणि कोड काढून टाका. ॲक्सेस टोकन ब्राउझरच्या कोडमध्ये कधीही ठेवू नका. आणि हॅश केलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला आहे. नंबर जाहिरात कंपनीकडे जातो हे ग्राहकाला मराठीत, स्पष्ट शब्दांत सांगा आणि त्याची संमती घ्या.

लहान दुकानाला टॅग मॅनेजरचा स्वतंत्र सर्व्हर घ्यायची घाई नको. रोजच्या दहा-वीस ऑर्डरींना चांगलं प्लगइन आणि वेबहुक पुरतात. त्याऐवजी आठवड्यातला एक दिवस निवडा आणि त्या दिवसाच्या ऑर्डरींची संख्या आणि रक्कम मेटाच्या इव्हेंट्स मॅनेजरमधल्या (आलेले इव्हेंट दाखवणाऱ्या पानावरच्या) आकड्यांशी ताडून बघा. त्याआधी जाहिरात खात्याचा टाइम झोन भारताचा आहे ना, ते पाहा. तिकडे कमी दिसल्या तर इव्हेंट गेल्याची खूण नसलेल्या ऑर्डरींचा पेमेंट प्रकार बघा: सगळ्या यूपीआयच्या असतील तर वेबहुक तपासा, सगळ्या कॅश ऑन डिलिव्हरीच्या असतील तर हुक. जास्त दिसल्या तर इव्हेंट आयडी. संख्या जुळते पण रक्कम जुळत नसेल तर रुपये-पैशांचा भागाकार, डिलिव्हरी चार्ज आणि जीएसटी, याच क्रमाने बघा.