नागपूरहून कोलोराडोला जाऊन धनुष्याने शिकार करू पाहणाऱ्यांसाठी: सॅकबद्दल

सध्या मी नागपुरात, प्रतापनगरच्या घरी आहे. कोलोराडोला निघालेली मुलेमुली भेटायला येतात आणि भाडे, गाडी, थंडीचे कपडे विचारून झाले की त्यातला एखादा हळूच विचारतो, "मावशी, तिकडे शिकार करता येते म्हणतात ना?" येते. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो विषयच संपवला आहे. पेंच, ताडोबाला आपण डोळ्यांनी बघायला जातो आणि ते तसेच राहावे असे मला मनापासून वाटते. तिकडे एल्क आणि म्यूल डिअर या हरणांची शिकार सरकार हंगाम आणि टॅग (मारलेल्या जनावराला लावायची परवान्याची चिठ्ठी) ठरवून देऊन करू देते.

परवान्याबद्दल थोडक्यात. १ जानेवारी १९४९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला कोलोराडोत हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, म्हणजे तुम्हा सगळ्यांनाच. राज्यात सलग सहा महिने राहिल्याशिवाय रहिवाशाचा दर मिळत नाही, तोवर थांबा. एच-१बीसारख्या व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना असेल तर सूट मिळते, पण धनुष्य त्या कायद्यातल्या बंदुकीच्या व्याख्येतच बसत नाही. म्हणून आपली बरीच मंडळी धनुष्याकडे वळतात.

आता सॅक. आपले लोक धनुष्यावर हजार-दीड हजार डॉलर घालतात, बुटांवर महिनाभर खल करतात आणि पाठीला अडकवतात ऑफिसची लॅपटॉपची बॅग. सीताबर्डीवर घेतलेली कॉलेजची बॅग घेऊन आलेलाही पाहिला आहे. "दिवसभराचेच तर जायचे आहे, दोन बाटल्या पाणी आणि डबा," असे सगळे म्हणतात. जाताना काय न्यायचे ते बघून सॅक घेऊ नका, परतताना काय आणायचे ते बघून घ्या.

आपल्या भागातून आलेल्या एका मुलाचे सांगते. सप्टेंबरच्या सुरुवातीला, दुपारी, रस्त्यापासून चार मैल आत त्याला एल्कची मादी मिळाली. बाण अगदी योग्य लागला होता. जवळ काय, तर फ्रेम नसलेली पंचवीस लिटरची बॅग. एल्कचा एक मागचा पाय हाडासकट २५ किलोच्या घरात जातो, नराचा त्याहून जड. बॅगेत तो मावेना. अर्धा बाहेर ठेवून बांधला तर सगळा भार खांद्यांवर आला, आणि मैलभरात पट्ट्याची शिवण उसवली. ऊन होते, मांस प्लास्टिकच्या पिशव्यांत भरलेले होते. दुसऱ्या दिवशी उरलेले आणायला गेले तेव्हा त्याला वास सुटला होता. खाण्याजोगे मांस वाया घालवणे कोलोराडोत गुन्हा आहे: चारही पाय, पाठीचे दोन लांब पट्टे आणि आतले कमरेचे मांस बाहेर आणलेच पाहिजे. गुन्हा बाजूला ठेवा. एवढे जनावर मारून ते कुजू दिले, हे त्या मुलाच्या मनातून आजही गेलेले नाही. फ्रेम नसलेली सॅक घेऊ नका. पुन्हा सांगते, फ्रेम नसलेली सॅक घेऊ नका.

फ्रेम म्हणजे पाठीशी धातूच्या किंवा कार्बनच्या कांड्या किंवा ताठ पट्टी. तिच्यामुळे वजन खांद्यांवरून कमरेवर उतरते. ३० ते ४० लिटरची अशी सॅक पाहा, जिची पिशवी फ्रेमपासून सुटी होते आणि दोहोंच्या मधे मांस घट्ट आवळता येते. सकाळी ती चपटी, हलकी राहते आणि गरज पडली की मोठे ओझे उचलते. ओझे पाठीला चिकटून आणि जरा वर बसले पाहिजे, खाली लोंबले की ते तुम्हाला उतारावर मागे खेचते. कमरेचा पट्टा कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे, पोटावर नाही. आपली पोरे तो बेंबीवर बांधतात आणि मग खांदे दुखतात म्हणून सॅकला नावे ठेवतात. माप उंचीवरून घेऊ नका. मान पुढे झुकवली की मागे जे हाड वर येते तिथपासून कमरेच्या हाडांच्या रेषेपर्यंत टेपने मोजा. हे माप नागपुरातच, घरी कोणाकडून तरी घेऊन ठेवा. ऑनलाइन अभिप्राय वाचून मागवण्यात आपले लोक फार पटाईत आहेत, पण दुसऱ्याची पाठ तुमची पाठ नसते. तिकडच्या चांगल्या दुकानात सॅकमध्ये वाळूच्या पिशव्या भरून चालून बघू देतात. आपली माणसे संकोचाने मागत नाहीत. मागा. अमेरिकन विक्रेता स्वतःहून मागे लागणार नाही, पण विचारलेत तर तासभर देईल.

दुसरी गोष्ट आवाजाची. बंदूकवाला दोनशे-तीनशे यार्डांवरून मारतो, तुम्हाला तीस-चाळीसच्या आत जायचे आहे. तिथे नायलॉनवर घासलेली एक फांदी पुरे होते. दुकानात कापडावर नख ओढा, चेन कानाजवळ धरून हळू उघडा. करकर आली तर ती सॅक ठेवून द्या. वेल्क्रोचे कप्पे नकोतच. लोंबणाऱ्या पट्ट्यांची टोके गुंडाळून टेप लावा. चिवडा आईने दिलेला असू दे, पण दुकानी पाकिटातून काढून कापडी पिशवीत भरा. लपण्यासाठीचा पानापानांचा छाप मात्र डोळ्यांत तेल घालून निवडण्याची गरज नाही, त्यात उगाच पैसा जातो.

तिसरी गोष्ट आपल्याकडच्या धनुर्धाऱ्यांसाठी. नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेऊन कंपाउंडमध्ये, म्हणजे टोकांना चाके असलेल्या धनुष्याच्या प्रकारात, जगज्जेता झाला, आणि तो अभिमान घेऊन येणारी मुले मला भेटतात. टार्गेटवर तुम्ही सपाट जमिनीवर ताठ उभे असता, पाठीवर काही नसते. जंगलात गुडघ्यावर, उतारावर, सॅकसकट प्रत्यंचा ओढायची असते. म्हणून सॅक घालून, जाकीट घालून, बसून आणि गुडघे टेकून ओढून बघा. छातीच्या पट्ट्याचे बक्कल दोरीच्या वाटेत येते का? कमरेच्या पट्ट्याचा कप्पा धनुष्याच्या खालच्या चाकाला (कॅमला) लागतो का? सॅकचा माथा टोपीला अडून मान वर करता येत नाही असे होते का? आणि शिकारीचे पाते लावलेला बाण सॅकमध्ये कधीही ठेवू नका. तो पाती झाकणाऱ्या भात्यातच राहील. तिकडे जखमा जनावरांपेक्षा आपल्याच पात्यांनी होतात, म्हणून रक्त थांबवायचा टूर्निके वरच्या कप्प्यात, एका हाताने निघेल असा ठेवा.

आत काय? तीन लिटर पाणी आणि फिल्टर, कारण ओढ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी त्यात जिआर्डिया हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. नळीची पिशवी असेल तर प्यायल्यावर नळीत फुंकून पाणी मागे ढकला, पहाटे ती गोठते. पावसाचे जाकीट, कारण दुपारी ढग कधी भरून येतील सांगता येत नाही. सुती बनियन घरी ठेवा. डोक्याची बॅटरी, एक जास्तीची. मांसासाठी हवा खेळणाऱ्या कापडी पिशव्या, चक्क्यासाठी दही बांधतो तशा सावलीत टांगायच्या. धारदार सुरी, दोरी. भडक नारिंगी कापडाचा तुकडा. धनुष्याच्या हंगामात तो अंगावर घालायची सक्ती नाही, पण त्याच सप्टेंबरात मझललोडर (नळीच्या तोंडातून बार भरायच्या) बंदूकवालेही जंगलात असतात. पाठीवर एल्कचे पाय घेऊन येताना तो सॅकवर बांधा.

नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर आहे, एल्क ३००० मीटरच्या आसपास फिरतात. निघण्याआधी हातात महिना-दोन महिने असतील तर सॅकमध्ये वीस किलो तांदूळ भरा आणि रामटेकच्या गडाच्या पायऱ्या चढा, उतरा. पहाटे जा, उन्हाळ्यात तर नक्कीच. पट्टा कुठे काचतो ते तिथेच कळेल. उंचीची सवय मात्र तिथे गेल्यावरच होते.

तिकडच्या जुन्या शिकाऱ्यांना भिऊ नका. गाड्या उभ्या असतात तिथे सॅक उघडून त्यांना दाखवा, ते आपली उघडून दाखवतात. आपल्याच लोकांच्या सहा-सात जणांच्या टोळीत मात्र जाऊ नका, गप्पा थांबत नाहीत. आणि खाजगी जमिनीवर पाऊल टाकू नका. कोलोराडोत मालकाने पाटी किंवा कुंपण लावलेच पाहिजे असे नाही, हद्द ओळखणे तुमचे काम आहे. नकाशा फोनवर आधीच उतरवून ठेवा, कारण आत रेंज नसते.

झाकणाच्या आतल्या छोट्या कप्प्यात परवाना आणि टॅग ठेवा. कागदी टॅग असेल तर सोबत पेनही हवे, कारण जनावर पडल्या पडल्या त्यावर सही आणि तारीख घालावी लागते.