समुद्रावरचा चोरटा रेडिओ आणि कायदा: उत्तर लिहिताना या चुका टाळा

नागपूरपासून समुद्र सरळ रेषेत पाचशे किलोमीटरहून जास्त. आमच्या पोरांनी पाहिलेलं जहाज म्हणजे अंबाझरी नाहीतर फुटाळा तलावातली बोट. त्यामुळे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पेपरात 'खुल्या समुद्रावरून अनधिकृत प्रसारण' असा प्रश्न आला की अर्धा वर्ग तो सोडून देतो आणि उरलेला अर्धा मनानं लिहितो. मी धरमपेठेत कायद्याची शिकवणी घेतो, त्यामुळे या दुसऱ्या अर्ध्याचे पेपर माझ्या वाट्याला येतात. वर्षं बदलतात, पोरं बदलतात, चुका मात्र त्याच असतात.

'पायरेट रेडिओ' म्हणजे चाचेगिरी नव्हे

सगळ्यात जास्त गुण इथे जातात. अशा चोरट्या प्रसारणाच्या इंग्रजी नावात 'पायरेट' दिसलं की पोरं थेट चाचेगिरीच्या कलमावर उडी मारतात आणि लिहितात, 'असं जहाज जगातलं कोणतंही राष्ट्र पकडू शकतं.' नाही पकडू शकत. १९८२ च्या सागरी कायदा करारात चाचेगिरीची व्याख्या अनुच्छेद १०१ मध्ये आहे. तिथे खासगी स्वार्थासाठी केलेली हिंसा, अटकाव किंवा लूट लागते, आणि तीही एका जहाजावरून दुसऱ्या जहाजाविरुद्ध. गाणी वाजवणाऱ्या जहाजानं कोणाला लुटलं? भारताचा २०२२ चा सागरी चाचेगिरीविरोधी कायदाही इथे लावू नका. मागच्या खेपेला तीन पेपरांत तो लावलेला होता.

रेडिओसाठी त्याच करारात अनुच्छेद १०९ वेगळा आहे. जहाजावरून किंवा समुद्रातल्या बांधकामावरून, सामान्य लोकांनी ऐकावं या हेतूनं, आंतरराष्ट्रीय नियम मोडून केलेलं ध्वनी किंवा टीव्ही प्रसारण, अशी त्याची व्याख्या आहे. संकटात सापडलेल्या जहाजानं मदतीसाठी दिलेली हाक त्यातून स्पष्टपणे वगळली आहे. ही एक ओळ लिहायची राहून गेली तर बुडत्या जहाजाचा वायरलेसवाला तुमच्या उत्तरात गुन्हेगार ठरतो.

'सर, यात नागपूरचा काय संबंध?'

हा प्रश्न वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारतंच, आणि खरं तर तोच या विषयाचा गाभा आहे. बहुतेक पोरं अधिकारक्षेत्र लिहिताना फक्त जहाजाच्या झेंड्याचं राष्ट्र लिहून थांबतात. १०९ मध्ये पाच दारं आहेत: जहाजाच्या झेंड्याचं राष्ट्र, बांधकामाची नोंदणी जिथे झाली ते राष्ट्र, प्रसारण करणारा माणूस ज्याचा नागरिक आहे ते राष्ट्र, जिथे ते प्रसारण ऐकू येतं ते कोणतंही राष्ट्र, आणि ज्याच्या अधिकृत रेडिओ संपर्कात त्यामुळे खरखर होते ते राष्ट्र.

चौथं दार नीट वाचा. त्यात जहाज कुठे उभं आहे याला महत्त्व नाही. आवाज कुठे पोचतो हे बघितलं जातं. अरबी समुद्रातल्या एखाद्या जहाजाचा आवाज सीताबर्डीच्या ट्रान्झिस्टरवर लागला, तर तो भारतात लागला. भारताला किनारा आहे म्हणून हा अधिकार मिळत नाही, ऐकणारा भारतात आहे म्हणून मिळतो. करारानुसार नेपाळसारख्या किनारा नसलेल्या देशालाही हे दार उघडं आहे.

मात्र अधिकारक्षेत्र आहे म्हणजे कोणीही उठून जहाजावर चढावं असं नाही. त्यासाठी अनुच्छेद ११० जोडायला लागतो. युद्धनौकेला संशयित जहाजावर जाऊन तपासता येतं, पण त्या युद्धनौकेच्या राष्ट्राला १०९ खाली अधिकार असेल तरच. आणि संशय खोटा ठरला, जहाजानंही तसं काही केलेलं नसेल, तर नुकसानभरपाई द्यावी लागते. १०९ आणि ११० ही जोडी आहे. एकटं १०९ लिहून आलात तर पुढची पायरी राहिली.

कायदा समुद्रात नाही, बंदरावर चालला

इतिहासाच्या भागात सगळे लिहितात: 'ब्रिटननं १९६७ मध्ये कायदा केला आणि जहाजं बंद पडली.' निम्मं खरं आहे. १९६४ च्या ईस्टरला रेडिओ कॅरोलाइन इंग्लंडच्या किनाऱ्याजवळून सुरू झालं. जहाजावर झेंडा पनामाचा. तेव्हा ब्रिटनची प्रादेशिक हद्द फक्त ३ सागरी मैल होती आणि जहाज तिच्याबाहेर उभं. १९५८ च्या जिनिव्हा करारात परक्या जहाजावर चढण्याची जी कारणं दिली होती त्यांत चाचेगिरी होती, गुलामांचा व्यापार होता, रेडिओ नव्हता. म्हणजे नौदलाचे हात बांधलेले.

मग युरोपानं दुसरी वाट काढली. २२ जानेवारी १९६५ ला स्ट्रासबर्गला झालेल्या युरोपीय करारात ठरलं की प्रत्येक देशानं आपापल्या माणसांना आवरायचं. ब्रिटनच्या 'मरीन ब्रॉडकास्टिंग ऑफेन्सेस' कायद्यानं नेमकं तेच केलं. जहाजाला तेल, पाणी, किराणा पुरवणं गुन्हा. यंत्र दुरुस्त करायला जाणं गुन्हा. माणसं ने-आण करणं गुन्हा. त्या स्टेशनवर जाहिरात देणं गुन्हा, कार्यक्रमासाठी रेकॉर्ड पुरवणं गुन्हा, कार्यक्रमांचं वेळापत्रक छापणंसुद्धा गुन्हा. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद. आपल्याकडच्या भाषेत, हुक्का-पाणी बंद. जहाजाला हात न लावता त्याचं दाणापाणी तोडलं.

हा मुद्दा ज्यानं लिहिला त्याला मी डोळे झाकून दोन गुण जास्त देतो, कारण त्याला कायदा कसा चालतो हे कळलंय. रेडिओ लंडनसारखी स्टेशनं जाहिरातींवर जगत होती, ती १४ ऑगस्ट १९६७ ला बंद झाली. कॅरोलाइन मात्र चालूच राहिलं. हॉलंडनं तसाच कायदा लागू केला तो थेट १९७४ च्या १ सप्टेंबरला, आणि तोवर तिकडचे दरवाजे उघडे होते. म्हणून 'जहाजं बंद पडली' असं सरसकट लिहू नका. शेजाऱ्यानं कायदा केला नाही तर आपला कायदा गळका राहतो, असं लिहा.

अजून एक तारीख लक्षात ठेवा. कायदा लागू झाल्यावर दीड महिन्यात, ३० सप्टेंबर १९६७ ला, बीबीसीनं रेडिओ वन सुरू केलं. जहाजांवर जे वाजत होतं तेच आता सरकारमान्य. हे वाचून विविध भारती आठवली नाही तर तुम्ही आकाशवाणीच्या घरात वाढला नाहीत. केसकर माहिती व प्रसारण मंत्री असताना आकाशवाणीवर सिनेमाची गाणी आटली, श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले, आणि मग ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली. पण इथेही एक चूक होते: रेडिओ सिलोनला कोणी चोरटा रेडिओ म्हणू नये. ते एका राष्ट्राच्या जमिनीवरून चाललेलं अधिकृत केंद्र होतं. १०९ जहाजाला आणि समुद्रातल्या बांधकामाला लागतो, श्रीलंकेला नाही.

मैलांचा घोळ

भारताचा प्रादेशिक समुद्र १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर. अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे समुद्रातल्या साधनसंपत्तीवर देशाचा हक्क असलेला पट्टा, २०० सागरी मैल. दोन्ही १९७६ च्या कायद्यात. पोरांना वाटतं की १०९ हा २०० मैलांच्या पलीकडेच लागतो. सागरी कायदा कराराच्या अनुच्छेद ५८ चा दुसरा परिच्छेद उघडा: ८८ ते ११५ हे अनुच्छेद आर्थिक क्षेत्राशी विसंगत नसतील तिथवर त्या क्षेत्रातही लागू होतात. १०९ त्यातच बसतो. हे मला स्वतःला शिकवायला लागल्यावर दोन वर्षांनी कळलं, तेव्हा उगाच लाजू नका.

आणि १२ मैल मोजायचे कुठून? ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूच्या पट्ट्यामुळे मोजमाप पुढे सरकू शकतं. रॉय बेट्स यांनी टेम्स नदीच्या मुखाबाहेरच्या एका जुन्या लष्करी मनोऱ्यावरून रेडिओ चालवला, तो मनोरा हद्दीत धरला गेला आणि १९६६ मध्ये त्यांना दंड झाला. मग ते आणखी बाहेरच्या मनोऱ्यावर गेले. ब्रिटननं १९८७ मध्ये हद्द १२ मैल केली.

करार दाखवून कोणी तुरुंगात जात नाही

'अनुच्छेद १०९ खाली आरोपीला शिक्षा होईल.' भारतात नाही होत. भारतानं करार २९ जून १९९५ ला मंजूर केला, पण गुन्हा आणि शिक्षा ठरवायला देशाचा कायदा लागतो. संविधानाच्या अनुच्छेद २५३ नं संसदेला तो अधिकार दिला आहे. देशाच्या कायद्यात आधार शोधायचा तर १८८५ च्या तार अधिनियमाचं कलम ४ वाचा. भारतात तारयंत्रणेचा हक्क एकट्या सरकारचा, आणि भारताच्या हद्दीतल्या जहाजांवरच्या वायरलेससाठी नियम करून परवानगी देण्याची तरतूद त्याच कलमात आहे. १९३३ च्या वायरलेस अधिनियमात विनापरवाना यंत्र नुसतं बाळगणंही गुन्हा. या दोघांची जागा २०२३ चा दूरसंचार कायदा टप्प्याटप्प्यानं घेतो आहे, म्हणून उत्तर लिहिण्याआधी कोणतं कलम कधी लागू झालं ते तपासा. आणि क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा निकाल जोडा: हवेतल्या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत.

'सर, काल रात्री जहाज लागलं!'

एक पोरगा मोबाईलवर रेकॉर्डिंग घेऊन आला होता. मिडियम वेव्हवर कळत नाही अशी भाषा, मधे मधे गाणं. भाऊ, जहाज नाही ते. सूर्य मावळला की वातावरणातला लहरी शोषणारा खालचा थर विरतो आणि शेकडो किलोमीटरवरची अधिकृत केंद्रं वरून परतून आपल्या सेटवर येतात. रात्री लागतं आणि सकाळी जातं, तर बहुधा तेच.

एकच केंद्र डायलवर दोन ठिकाणी लागत असेल तर दोष सेटचा. साध्या सेटची आतली फ्रिक्वेन्सी ४५५ किलोहर्ट्झ असते, आणि जवळचं दणदणीत केंद्र खऱ्या जागेपासून तिच्या दुप्पट, म्हणजे ९१० किलोहर्ट्झ, खाली भुतासारखं उमटतं. नागपूरचं १५६६ किलोहर्ट्झवरचं १,००० किलोवॉटचं केंद्र आमच्या लहानपणी ६५६ च्या आसपास असंच ऐकू यायचं, आणि आजोबा ते 'दुसरं स्टेशन' समजून ऐकायचे. एफएमवर तर जहाजाचा विचारही नको, ते नजरेच्या टप्प्यापलीकडे फारसं जात नाही.

त्या पोराला मी सांगितलं तेच तुम्हालाही. वेळ लिहून ठेवा, किलोहर्ट्झ लिहून ठेवा, स्टेशन स्वतःचं नाव सांगतं का त्याची वाट बघा, आणि सेट हळूहळू गोल फिरवा. आवाज जिथे अगदी बारीक होतो तिथे सेटच्या आतली काळी दांडी, म्हणजे अँटेना, त्या केंद्राकडे किंवा बरोबर उलट्या बाजूला टोक करून असते. त्यानं फिरवून बघितलं. दांडी पूर्व-पश्चिम होती, म्हणजे नेमकं कोणतं टोक हे अजून ठरायचं आहे.